तेरच्या टेकाडावरची पाटीवाली

मंडळी, इथले अनुभव मी तीन वर्षांपासून वाचतोय, पण लिहितोय पहिल्यांदाच. आधीच सांगून ठेवतो, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. 'नव्हता' हा शब्दसुद्धा मी जरा नाइलाजानंच वापरतोय. चौतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. छप्पन्न सालच्या दीक्षेनंतर आमच्या घरातून देव गेले, तशी भुतंही गेली. वडील कळंबच्या अडतीत हमाली करायचे. कुणी चकव्याची गोष्ट काढली की म्हणायचे, "मला दाव, मंग भितो." त्यांना शेवटपर्यंत कुणी काही दाखवलं नाही.

लिहायचं कारण असं, की मागच्या महिन्यात पुण्यात मुलानं मला एका टूरला नेलं. हल्ली जुन्या पेठांतून लोकांना पायी फिरवतात... कुठं कुणाला मारलं, कुठल्या दरवाज्यात काय दिसतं, असलं सगळं. तिकीट काढून. आमचा गाईड छान बोलायचा. शेवटी त्यानं विचारलं, "तुमच्यापैकी कुणाला असा अनुभव आलाय?" मुलगा माझ्याकडं बघून हसला, कारण त्याला माझा स्वभाव माहीत. त्या पोराला काय सांगणार, की बाबा, तुझा हा धंदा मी चार वर्षं फुकटात केलाय आणि एका दिवसात सोडलाय.

तर... एक्याऐंशी साली माझी बदली तेरला झाली. उस्मानाबादहून (तेव्हा आम्ही उस्मानाबादच म्हणायचो) एसटीनं तासाभराचा रस्ता. तेरणा नदीच्या काठावर मोठं गाव, आणि गावाभोवती जुन्या वस्तीची टेकाडं. दोन हजार वर्षांपूर्वी इथं मोठं शहर होतं म्हणतात. पावसाळ्यात पोरं टेकाडावरून मणी वेचून आणायची आणि माझ्या टेबलावर मांडायची.

ते दिवस सोसायट्यांचे होते. दुधाची सोसायटी, मेंढपाळांची सोसायटी, विणकरांची सोसायटी. आणि सोसायटी म्हटलं की सभासदांची अभ्यास सहल आलीच. आमच्या गावची दूध सोसायटी बरी चालायची, म्हणून महिन्या-दोन महिन्यांनी कुठला तरी टेम्पो माणसं घेऊन यायचा. सकाळी फॅट कसं मोजतात ते बघायचं, दुपारी जेवायचं, आणि मग चेअरमन मला निरोप धाडायचे, "गुरुजी, पाव्हण्यास्नी जरा गाव दाखवा." मला बोलायची हौस. रविवारची दुपार, हातात छत्री, मागं वीस-पंचवीस फेटे आणि टोप्या.

देवळं, विटांचं जुनं बांधकाम, नदीचा घाट, इथवर सांगायला भरपूर होतं. पण घाटापासून टेकाडाला वळसा घालून परत यायचं तर पाव तासाची नुसती पायपीट. तिथं बघण्यासारखं काही नाही. लोक जांभया द्यायचे, विडी पेटवायचे, एखादा शेरडामागं जायचा. म्हणून मी तिथं एक गोष्ट रचून ठेवली. होय, मीच रचली. हे नीट लक्षात ठेवा.

गोष्टीचा निम्मा भाग गावातला होता. जुनं शहर शापानं पालथं झालं आणि त्याचंच हे टेकाड झालं, असं म्हातारी माणसं सांगायचीच. मी त्यात एक बाई घातली. आमच्याकडची घरं धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छपराची. त्या छपरावर दर उन्हाळ्यात टेकाडाची पांढरी माती टाकतात, कारण ती पाणी झिरपू देत नाही. तर माझ्या गोष्टीतली बाई शहर पालथं झालं त्या दिवशी छपरासाठी माती आणायला गेलेली, म्हणून एकटीच वाचली. आणि घरच उरलं नाही हे तिला कळलेलं नाही, त्यामुळं ती अजून माती नेतेय.

लोकांनी माती कापून नेलेल्या टेकाडाच्या उभ्या कापाशी आलं की मी थांबायचो आणि छत्रीनं दाखवायचो, "ती बघा, तिथं खणते. डाव्या हातानं. पाटीचा काठ तुटलाय, त्याला लुगड्याचा हिरवा काठ गुंडाळलाय. तिला हाक मारली तर म्हणते, एवढी एकच पाटी, मग येते." बायका पदर सावरायच्या, पुरुष विडी विझवायचे. छत्री मी नेहमी एकाच जागेकडं करायचो. तिथं एका बाभळीची सावली होती, डोळ्यांवर ऊन न येता लोकांना बघता यायचं. बाकी काही कारण नव्हतं.

बहात्तरच्या दुष्काळाला तेव्हा बारा-तेरा वर्षं होऊन गेली असतील. पाऊस पुन्हा रुसला होता, सगळीकडं तीच जुनी बोलणी चाललेली. अशात आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या मेंढपाळ सोसायटीची सहल आली. त्यात हरिबा म्हणून एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, उंच, खांद्यावर घोंगडं, दिवसभर कुणाशी बोलले नव्हते. कापाशी मी नेहमीप्रमाणं गोष्ट सांगितली. सगळे पुढं निघाले, हरिबा मात्र खाली बसले. ऊन लागलं असेल म्हणून मी मागं गेलो.

ते म्हणाले, "गुरुजी, ही बाई तुमी कवा पायली?"

"अहो मामा, जुनी गोष्ट आहे ती."

"जुनी न्हाय." ते त्या बाभळीकडं बघत होते. "पाटीला काठ म्या बांधला व्हता. वाशीच्या स्टँडवर, यष्टीची वाट बघत. तिच्याच लुगड्याचा. ती डावखुरी व्हती, गुरुजी."

मग त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. त्यांच्या बायकोचं, सोनाबाईचं, माहेर तेर. दुष्काळात हरिबा मेंढरं जगवायला गोदावरीकडं गेले. पाच वर्षांची मुलगी आजीजवळ ठेवली आणि सोनाबाईला भावाकडं धाडलं, एक खाणारं तोंड तेवढंच कमी. भाऊ-भावजय आठवडाभर खडी फोडायच्या कामावर राहायची, बाजारच्या दिवशी घरी यायची. एका बाजारी आली तर सोनाबाई घरात नव्हती. भावाला वाटलं, नवऱ्याकडं गेली. नवरा पाऊस पडल्यावर परत आला, त्याला वाटत होतं ती भावाकडंच आहे. दोघं समोरासमोर उभे राहिले तेव्हा कळलं, की ती कुणाकडंच नाही. आणि मग लोकांनी आपलं ठरवून टाकलं, खडीच्या ट्रकवाल्याबरोबर गेली.

"पोरगी आता अठराची हाय," हरिबा म्हणाले. "तीन जागी बोलनी झाली, तिन्ही मोडली. आई पळून गेल्याली म्हंत्यात. म्या बी तेच धरून चाललो इतकी वर्सं. तोंडानं न्हाय, मनात."

मला घाम फुटला. खोटं नाही सांगत, भीतीचा नाही, लाजेचा. मी त्यांच्यासमोर बसलो आणि खरं काय ते सांगितलं. म्हणालो, मामा, ही गोष्ट मी रचली. लोक कंटाळतात म्हणून. मी कळंबचा, इथं येऊन चारच वर्षं झाली, तुमच्या मंडळींचं नावसुद्धा मी आज ऐकतोय. मला माफ करा.

त्यांना राग आला नाही. त्यांनी विचारलं, "मग तुमाला रचायला कोनी लावलं?"

मी म्हणालो, "कुणी नाही."

"बरं," ते म्हणाले. "छत्री कुठं दाखवली व्हती, तेवढं पुन्यांदा दावा."

टेम्पो त्यांना सोडून गेला; तिथं खणून बघायचं त्यांनी ठरवलं होतं. ते रात्री माझ्या खोलीवरच जेवले. मला झोप लागली नाही. तिथं काही निघालं नाही तर हा माणूस दोन्ही गावांत हसू होणार आणि त्याच्या मुलीच्या नावाला आणखी एक गोष्ट चिकटणार. तीही माझ्यामुळं. सकाळी मी त्यांना परोपरीनं सांगून पाहिलं. ते नुसतं, "व्हय, व्हय," म्हणाले आणि मेव्हण्याच्या दाराकडं चालायला लागले.

मेव्हणा निवृत्ती. बारा वर्षांत हरिबा त्या दारात गेले नव्हते, आणि निवृत्तीनं बहिणीचं नाव घेतलं नव्हतं. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग त्यानंच एक गोष्ट सांगितली, जी ना मला माहीत होती ना हरिबांना. "छप्पर उघडं पडलं व्हतं. आक्का म्हनली व्हती, बसून खायला लाज वाटती, छप्पर तरी करते." एवढं बोलून तो आत गेला आणि टिकाव घेऊन आला.

आता इथल्या माणसांची एक सवय सांगतो. टेकाडाची वरची माती उन्हानं भाजून कडक झालेली असते, मऊ माती आत. म्हणून सगळे कडा खालून कोरतात. घरं वरून शाकारायची म्हणून खालून मरण ओढवून घ्यायचं! दरसाल एखादी दरड बसायचीच. कुणी म्हणायचं, "बरं झालं, माती आपसूक मिळाली," आणि त्यातलीच भरून न्यायचं. खाली कोण होतं का हे बघायचं कुणाला सुचत नसे.

सरकारी बोर्ड होता तिथं, खणायला बंदी. रीतसर अर्ज केला असता तर उत्तर येईपर्यंत हरिबांची मुलगी म्हातारी झाली असती. पोलीस पाटलांच्या कानावर घातलं; ते म्हणाले मी पण येतो, आणि बाभळीखाली घोंगडं टाकून बसले. आम्ही वरून पायऱ्या पाडत खाली उतरायला लागलो. पहिल्या दिवशी खापरं निघाली, एक शंखाचा मणी निघाला, बाकी काही नाही. संध्याकाळी माझी मान वर होईना. हरिबांनी माझ्या हातांवरचे फोड बघितले आणि त्यांना लावायला स्वतःच्या पिशवीतलं खोबरेल काढून दिलं.

दुसऱ्या दिवशी दुपार व्हायच्या आत मातीत एक जुनं गंजलेलं टिकावाचं पातं लागलं. निवृत्तीनं ते ओळखलं, त्याच्याच घरातलं. पात्याच्या हातभर खाली ती होती.

जास्त लिहीत नाही. काचेच्या बांगड्यांचे तुकडे होते आणि पायातली जोडवी. त्यातलं एक चेपलेलं. "हिच्या पायावर मेंढा पडला व्हता तवाचं," एवढंच हरिबा म्हणाले, आणि मग मातीत हात ठेवून, अगदी घरात बोलावं तसं, "हितंच व्हती व्हय गं." निवृत्ती मात्र आक्का, आक्का करत कपाळ बडवून घेत होता, त्याला धरून ठेवावं लागलं. मी रडलो. का रडलो ते मला नीट सांगता येणार नाही, ती माझी कुणी नव्हती.

पाटी सापडली नाही. बारा वर्षांत वाळवीनं बांबू ठेवलाच नसेल. म्हणजे हिरव्या काठाचं खरं-खोटं आता हरिबांच्या शब्दावरच.

पुढं पोलिसांचा पंचनामा झाला, ते सगळं रीतसर. मी पुन्हा कुणाला टेकाडावर नेलं नाही. चेअरमन काही दिवस नाराज होते. मी माझ्या परीनं तपासही केला. वाटलं, गावात कुणाकडून तरी कधी ऐकलं असेल, विसरलो असेन, आणि तेच गोष्टीत उतरलं असेल. शिक्षकाला हेच सुचणार. पण सोनाबाई डावखुरी होती हे सांगणारी माणसं मिळाली. ती माती आणायला गेली होती हे मात्र एकालाही माहीत नव्हतं; निवृत्तीला तिचं बोलणं ठाऊक होतं, पण ते त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. आणि तो काठ तर वाशीच्या स्टँडवर बांधलेला. निवृत्तीनंसुद्धा त्याकडं कधी लक्ष दिलं नव्हतं.

चार-पाच महिन्यांनी हरिबांचं बोलावणं आलं. सुमनला, त्यांच्या मुलीला, बघायला पाहुणे येणार होते आणि गुरुजींनी हजर राहावं असा निरोप. मी गेलो. पाहुण्यांसमोर सांगितलं, की या मुलीची आई कुठं गेली नव्हती. भावाच्या घरावर टाकायला माती खणताना दरडीखाली गेली, मी स्वतः बाहेर काढणाऱ्यांत होतो. एका वडीलधाऱ्यानं विचारलं, "गुरुजी, तुमाला जागा कशी कळली?" मी म्हणालो, "मला कळली नव्हती." त्यांना तो माझा विनय वाटला. सुपारी फुटली.

पाहुणे गेल्यावर सुमन माझ्यासमोर येऊन बसली. लाजाळू पोर, दिवसभर मान वर केली नव्हती. म्हणाली, "गुरुजी, घरात आईचा फोटू न्हाय. मला तोंड आठवत न्हाय. वडलांस्नी इचारलं की उठून जात्यात." मग पहिल्यांदाच मान वर केली. "तुमी तिला पायलीय. कशी दिसायची ओ?"

मी म्हणणार होतो, की अगं, मी नाही पाहिलं, ती नुसती गोष्ट होती. खरंच तेच म्हणायला तोंड उघडलं. आणि मी सांगायला लागलो. उंची फार नाही. रंग सावळा. हसताना खालचा ओठ एका बाजूला जातो. कानामागं भाजल्याचा जुना डाग. बोलताना आधी मान हलवते, मग शब्द येतो.

हरिबा दारात येऊन उभे राहिले होते. पोरीचे डोळे माझ्यावर, माझे त्यांच्यावर. मी चुकलो तर हा माणूस मला थांबवेल, म्हणून मी एकेक गोष्ट सांगत होतो आणि वाट बघत होतो.

त्यांनी मला कुठंच थांबवलं नाही. माझं सांगून झालं तेव्हा ते पुढं आले, पोरीच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अशीच व्हती."

मी हे कुठून सांगितलं, मला तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.