दोन डबे, एक घड्याळ

कॉलेज सुटलं की अभ्यास उडून जातो, फजित्या तेवढ्या राहतात. आमच्या जालन्याच्या लॅबमधल्या तर इतक्या साचल्यात की एक सांगायला घेतली की बाकीच्या रांग लावतात!

आम्ही तिघं. काळे सर, मी आणि टेंभुर्णीचा गजानन. प्रोजेक्ट रडारचा. कॉम्प्युटरवर चालणारे दोन रेडिओ; सोडलेली लाट परत आली की दोघांनी ती एकाच क्षणी ऐकायची. पण त्या दोन डब्यांच्या आतली घड्याळं काही जुळेनात.

गजानन म्हणाला, "सर, आमच्या घरी असंच हाय. अण्णाचं घड्याळ फुडं, आईचं मागं. जेवण कोणाच्याच टायमाला न्हाई!"

सरांनी त्याच दिवशी दोन्ही डबे बाहेरच्या एकाच घड्याळाला जोडले.

*

कॅलिब्रेशनला, म्हणजे रडारचं माप तपासून घ्यायला, लाट सरळ मागे फिरवणारा पत्र्याचा कोपरा लागतो. तो धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्या चाचांकडून करून घेतला. चाचांनी तिन्ही पत्रे बराबर काटकोनात जोडले. देताना मात्र हळूच म्हणाले, "बेटा, याच्यात धान्य टिकायचं न्हाई. एक बाजू मोकळीच सोडली तुम्ही!"

*

घड्याळापासून डब्यांपर्यंतच्या दोन्ही केबल एकाच लांबीच्या हव्यात. महिनाभर खपून सगळं जुळवलं, आणि रिव्ह्यूच्या आदल्या दिवशी आकडे भलतेच! गजाननने एक केबल कापून नवा कनेक्टर लावला होता.

"लोंबकळू राह्यली होती सर. साफसफाई केली!"

सरांनी चहा संपवला, मग म्हणाले, "आता दुसरीपण काप. तेवढीच."

*

शेवटची चाचणी गजाननच्या शेतात. त्याचे वडील, अण्णा, बांधावरून बघत होते. चार वर्षं शिकून पोरगं डब्यांशीच खेळू राह्यलं, असं त्यांचं मत. वाऱ्याने कोपऱ्याचा स्टँड मोडला, तेव्हा तेच पुढं आले. "आणा इकडं. मी धरतो." कोपरा छातीशी धरून तीस पावलांवर उभे राहिले.

"अण्णा, बिलकुल हलू नका!"

स्क्रीनवर रेघ मात्र सावकाश वर-खाली.

"हलू राह्यले तुम्ही!"

"न्हाई हललो!"

सरांनी रेघ बघितली, मग अण्णांकडं बघितलं. "गजानन, ते श्वास घेतायत."

गजानन ओरडला, "अण्णा, तुमचा श्वास दिसू राह्यला इथं!"

"मंग काय, तो बी बंद करू?"

आम्ही पोट धरून हसलो. त्या रेघेची फाइल बाद धरली, स्टँड दुरुस्त करून दुसरी घेतली. अण्णा मात्र त्या रेघेपुढं बराच वेळ बसून होते. "माझा? एवढ्या लांबून?"

मागच्या उन्हाळ्यात अण्णा गेले. तेराव्यानंतर गजाननचा फोन आला.

"ती बाद केलेली फाइल हाय का रे तुझ्याकडं?"

होती. पाठवली.