आबांचा हात न लागलेली गाडी

नवी गाडी घेऊन आता काही महिने झाले. पेट्रोलची, टर्बोवाली, ऑटोमॅटिक सेडान. ऑफिसात लोक विचारतात, कशी काय आहे? मी म्हणतो, बरी आहे. कमी बोलायची सवय जुनी. पण इथं खरं सांगून टाकतो. त्या गाडीपुढं मी अजूनही आ वासून उभा राहतो. आणि त्याच गाडीवरून मी आबांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, खोटं बोललो. एक सांगायचं तर दुसरं टाळता येत नाही.

आधी नवलाचं. चावी खिशातच ठेवायची. जवळ गेलं की बाजूचे आरसे बैलानं कान टवकारावेत तसे हळूच बाहेर येतात. आत बसून ब्रेकवर पाय ठेवायचा आणि एक बटण दाबायचं. पहिल्या दिवशी मी बटण दाबून वाट बघत बसलो. शोरूमवाला म्हणाला, "सर, चालू आहे." मला खोटं वाटलं. पुन्हा दाबलं, तर ती बंद झाली.

लिव्हर 'डी'वर आणून ब्रेकवरचा पाय उचलला की ती आपण होऊन निघते. रेस द्यायची गरज नाही. आमच्या जालन्यातल्या मस्तगडच्या गल्लीत समोरून हातगाडी, मागून बुलेट आणि मधे कुणाची तरी शेळी असते. तिथं ती नुसत्या ब्रेकवर, दबक्या पावलांनी चालते. सिग्नलला थांबलं की इंजिन आपलं आपण बंद. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा बायको घाबरली. "बंद पडली का हो? नवीच आहे ना?" मी ब्रेक सोडला, तशी ती पुन्हा चालू झाली. बायकोनं डॅशबोर्डला हात लावून नमस्कार केला.

पण टर्बो म्हणजे काय ते कळलं राजूरच्या रस्त्यावर. पुढं सळयांचा ट्रक होता. सळया मागं लोंबत होत्या, टोकाला लाल फडकं. जुन्या गाडीत असल्या ट्रकामागं मैलोनमैल जायचे. गियर खाली टाकायचा, इंजिन ओरडायचं, बायको देवाचं नाव घ्यायची आणि शेवटी मीच माघार घ्यायचो. या वेळी रस्ता मोकळा बघून नुसता पाय दाबला. क्षणभर काहीच झालं नाही, जणू ती विचार करत होती. मग पाठीला कुणी तरी भला मोठा पंजा लावून पुढं ढकलावं तसं झालं. ट्रक आरशात गेला. गियर पडल्याचं कळलं नाही, आवाज म्हणावा तसा नाही. बायको मोबाईल बघत होती, तिनं मान वर केली ती पुढच्या वळणावर. पन्नाशीच्या माणसाला लाज वाटावी असा आनंद झाला होता.

जमत नव्हतं ते फक्त डाव्या पायाला. इतकी वर्षं क्लच दाबलेला पाय, तो रिकामा बसेना. एकदा गल्लीत त्यानं क्लच समजून ब्रेकच करकचून दाबला. बायकोच्या मांडीवरची भाजीची पिशवी डॅशबोर्डवर आणि मागचा स्कूटरवाला आमच्या डिक्कीला चिकटायचा राहिला. "क्या साहब, लायसन कहाँ से लाए?" असं तो मोठ्यानं म्हणाला, तेही मी ऐकून घेतलं.

आता आबा. ते टेंभुर्णीला राहतात. उभा जन्म त्यांनी टेंभुर्णी-जालना काळी-पिवळी जीप चालवली. टपावर माणसं, मागं पायरीवर माणसं, आणि एकालाही कधी खरचटलं नाही. त्यामुळं आमच्या भागात एक रीत पडून गेली. कुणाची नवी गाडी आली, ट्रॅक्टर असो, टेम्पो असो, की पहिली चक्कर आबांनी मारायची. त्याला 'आबांचा हात लावून घेणं' म्हणतात. नारळ फुटला, लिंबं चिरडली, तरी आबांचा हात लागल्याशिवाय गाडीला भाडं घेत नाहीत.

माझ्या गाडीची पूजा राजूरच्या गणपतीला झाली. आबा गावाहून बसनं आलेले, धुतलेलं धोतर, नवी टोपी. बायको प्रसादाच्या रांगेत होती. लिंबं चिरडून मी खाली उतरलो, तसा आबांनी हात पुढं केला. नेहमी करतात तसाच, तळवा वर.

"आण चावी. एक चक्कर मारून आणतो."

आणि मी म्हणालो, "आबा, ही गाडी तशी न्हाई. हिच्यात कॉम्प्युटर हाय. एकाच मानसाला वळखती. माझ्याबिगर दुसरं कोणी बसलं की चालूच व्हत न्हाई."

"मानूस वळखती?"

"हो."

"बिलकुल चालू व्हत न्हाई?"

"बिलकुल."

आबांनी हात मागं घेतला. धोतराला पुसला. मग गाडीकडं बघत म्हणाले, "काय जमाना आला, लेका!" आणि आपल्या जागेवर, माझ्या शेजारी, हात मांडीवर ठेवून बसले.

त्यांच्या वयाची काळजी होती असं मी मनाशी म्हणून बघितलं. ते खरं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन नजर स्वच्छ झालेली, लायसन नुकतंच पुन्हा करून आणलेलं. ओरखडा पडेल ही भीती थोडी होती. पण खरं कारण त्याहून वाईट आहे. जन्मभर मला लोक 'जीपवाल्याचा पोरगा' म्हणून ओळखत आले. स्टेअरिंग म्हटलं की आबा. मी कितीही चालवली तरी ते शेजारी बसून नुसते "हं" म्हणायचे आणि मला माझं चुकलेलं कळायचं. एक तरी गाडी अशी असावी, जी ते माझ्यापेक्षा चांगली चालवणार नाहीत, असं मला वाटलं.

आबांनी ती थाप खरी मानली. एवढंच नाही, कौतुकानं गावभर सांगितली. पुढच्या खेपेला आबांना घेऊन टेंभुर्णीच्या स्टँडवर चहाला थांबलो तर मला बघून सगळे गाडीभोवती जमले. आबांचे जुने दोस्त, पंक्चरवाले चाचा, काचेतून आत डोकावत म्हणाले, "क्या आबा, गाडी है के नई नवरी? दुसऱ्याचं तोंडच बघत न्हाई म्हणे!"

सगळ्यात मोठ्यानं आबाच हसले. "अरं, मी बाप हाय, तं मला बी वळखत न्हाई! पोराच्या हाताशिवाय हालतच न्हाई ती."

हे ते अभिमानानं म्हणाले. तेव्हा बोलता आलं असतं. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चला आबा, ऊन झालं."

मग थंडीतली ती सकाळ. आम्ही दोघं नवरा-बायको गावी मुक्कामाला होतो. गाडी घरासमोर गल्लीत लावलेली. चावी रात्री गाडीतच राहिली होती. मी शेतात तुरीच्या शेंगा आणायला गेल्तो, बायको शेजारी बारशाला. परत येताना गल्लीच्या तोंडाशीच गलका ऐकू आला. मक्यानं भरलेली ट्रॉली घेऊन ट्रॅक्टर माझ्या गाडीपुढं अडकला होता. मागं चार-पाच मोटारसायकली. आणि आबा उन्हात, बॉनेटजवळ, छत्री उघडून उभे होते, गाडीवर सावली धरून.

ट्रॅक्टरवाला वैतागला होता. "आबा, तुम्हीच घ्या की जराशी मागं! तुम्हाला काय अवघड हाय?"

"अरं, माझ्यानं व्हत असतं तं घेतली नसती का? ती पोराशिवाय हालत न्हाई. ढकलून बी पाह्यली. तो येऊन राह्यला, जरा दम धर."

आबांचा हात ज्याच्या ट्रॅक्टरला लागला होता, त्यालाच ते हे सांगत होते.

मी पाय उचलणार, इतक्यात बायको बारशाच्या घरातून बाहेर आली. ती स्कूटी चालवते. मीच एका रविवारी तिला ही गाडी शिकवली होती, क्लच नाही म्हणून पटकन जमली. माझी थाप तिला ठाऊक नव्हती. "सरा आबा, मी घेते," म्हणून ती आत बसली, बटण दाबलं आणि गाडी अलगद मागं नेऊन भिंतीला लावली.

सगळे आबांकडं बघायला लागले. ट्रॅक्टरवाला म्हणाला, "आबा, तुम्ही तं म्हणत व्हते…"

"मंग?" आबा म्हणाले. "सून हाय ती. घरच्यांना वळखती."

आणि छत्री मिटायला लागले. ती लवकर मिटेना. मी गल्लीच्या तोंडाशी शेंगांची पिशवी धरून उभा होतो. त्यांना मी दिसलो, पण त्यांनी माझ्या नजरेला नजर दिली नाही.

बायकोनं आत गेल्यावर विचारलं, "ओळखती म्हणजे काय हो?" मी सांगितलं. तिनं हातातली शेंग खाली ठेवली. मग म्हणाली, "स्वतःच्या बापाला?"

आबा ओट्यावर बसले होते. मी समोर उभा राहिलो.

"आबा, ती गाडी कुणालाबी चालती. मी खोटं बोललो."

"म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. त्याच्या आधी न्हाई." मग म्हणाले, "त्याच्या आधी खरंच मानलं. मशीन हाय, नसंल वळखत, तिच्यावर काय राग धरायचा. लई लोकांला सांगून बसलो."

"तुम्ही माझ्याहून चांगली चालवली असती. म्हणून न्हाई दिली."

आबांनी एकदम वर बघितलं. रागावतील असं वाटलं. "येडा," एवढंच म्हणाले.

मी गाडीतून चावी आणून त्यांच्या तळव्यावर ठेवली. हात त्यांनी पुढं केला नव्हता, मीच तो धरून उघडला. त्यांनी चावी उलटसुलट करून बघितली. "हिला तं दातच न्हाईत."

मी बायकोसोबत मागं बसलो. स्वतःच्या गाडीत मागं बसायची माझी पहिलीच वेळ. बटण, 'डी', ब्रेक सगळं सांगितलं. डाव्या पायाचं सांगायचं विसरलो. गाडी गल्लीतून निघाली आणि वळणावर आबांच्या डाव्या पायानं माझ्यासारखाच ब्रेक हाणला. बायकोचं कपाळ पुढच्या सीटवर. "अगं माय!"

"हा पाय ऐकत न्हाई," आबा म्हणाले. गाडी थांबलेलीच होती. त्यांनी लिव्हर 'पी'वर टाकलं, डाव्या पायातली चप्पल काढली आणि तो पाय ओट्यावर घ्यावा तसा दुमडून सीटवर घेतला, अर्धी मांडी. "हां. आता बस म्हनावं गुमान."

मला आठवडे लागले होते त्या पायाला गप्प करायला, आणि यांनी सरळ त्याला बसायला जागा दिली.

जाफराबादच्या मोकळ्या रस्त्यावर त्यांनी पाय दाबला. तीच ती क्षणभराची शांतता. मग तो धक्का. आबांची टोपी सीटला टेकली.

"आयला!"

आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते. राजूरच्या रस्त्यावर माझे तसेच झाले असणार. हात मात्र स्टेअरिंगवर इतके हलके, की गाडी वळतेय ते फक्त बाहेरची झाडं सरकल्यावर कळत होतं. एवढे महिने मी गाडीचं नवल करत होतो, आज ती चालवणाऱ्याकडंच बघत राहिलो.

परतताना स्टँडवर वेग कमी केला. काच खाली घ्यायला गेले तर आधी मागचीच उघडली, मग त्यांची. चाचा हातातली ट्यूब टाकून उठले. "क्या आबा! पहचान गई?"

"पोरानं वळख करून दिली," आबा म्हणाले आणि पुढं निघाले.

घरासमोर थांबल्यावर त्यांना उतरता येईना, दुमडलेल्या पायाला मुंग्या आल्या होत्या. मी सीटखालून त्यांची चप्पल शोधून काढली, पायात घातली. दाराला धरून ते उभे राहिले, पाय झटकला, चावी माझ्या हातात दिली.

"हात लागला आता," म्हणाले. "ने."