हादऱ्याचं यंत्र आणि एक अमावस्या

म्हस्कूआप्पांनी मेंढरांच्या वाड्यात खडक लागेपर्यंत खणून सिमेंटचा ओटा बांधला, तेव्हाच गावानं त्यांना वेड्यात काढलं. त्यावर ठेवायचं काय, तर लोखंडी गजाला लावलेला शिशाचा गोळा! वरवंडच्या बाजारात कुणी विचारलं की आप्पा सांगत, भुईचा हादरा मोजायचं यंत्र आहे. ऐकणारा हसत पुढं जाई. दुसऱ्याच्या दुखण्यावर हसायला लोकांना पैसे पडत नाहीत.

दुखणं विहिरीचं होतं. आप्पांचे वडील गेणबा मेंढरांमागं आठ-आठ महिने कोकणात फिरायचे. त्यांनी चार वर्षं घण आणि पहार चालवून ही विहीर पाडली, झरा लागला आणि घराची भटकंती थांबली. आता माळापलीकडं खडीची खाण निघाली. रोज संध्याकाळी पाचला सुरुंग उडे आणि विहिरीच्या कडेचा एखादा दगड निखळे. आप्पा तालुक्याच्या कचेरीत गेले. साहेब म्हणाले, हादरा मर्यादेबाहेर आहे याचा पुरावा आणा. साहेबांनी बोलायचं म्हणून बोलून टाकलं. आप्पांनी ते मनावर घेतलं.

आप्पांनी कुरकुंभच्या एका कारखान्यात तीस वर्षं दाब मोजायचे गेज दुरुस्त केलेले, त्यामुळे हात तयार होता. शिक्रापूरला नोकरी करणारी त्यांची मुलगी धनश्री हिनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवले, आपला जुना लॅपटॉप आणून दिला. शिरूरच्या मोटार रिवाइंडिंगवाल्याकडून तांब्याची बारीक तार आली, मोडक्या लाउडस्पीकरातलं चुंबक आलं. गज फाटकासारखा आडवा टांगायचा. भुई हलली तरी जड गोळा जागचा हलत नाही, चुंबकाजवळचं तारेचं वेटोळं तेवढं सरकतं आणि लॅपटॉपवरची रेघ थरथरते. सांगायला सोपं आहे.

खरा छळ पुढं होता. यंत्र ज्यांवर उभं होतं त्या खालच्या तीन बोल्टांपैकी एक पाव आटा जास्त पिळला की गोळा एका अंगाला जाऊन पडे. कमी पिळला की दोन झोके घेऊन गप्प. झोका आवरायला गजाला पत्र्याची पट्टी लावून ती तेलाच्या वाटीत बुडवली, तर इंजिनचं तेल जाड पडलं आणि खायचं पातळ. शेवटी बायकोनं, तानुबाईंनी, दोन्ही मिसळून दिलं तेव्हा जमलं. पहिला आठवडा रेघेत नुसती मेंढरं होती, कारण एडका ओट्याला अंग घासायचा. मेंढरं दुसरीकडं बांधली, तर दौंडकडं जाणारी मालगाडी उमटायला लागली. सव्वा महिन्यानं पाचचा बार असा स्वच्छ उमटला की आप्पांनी तानुबाईंना पिठाच्या हातानिशी ओढून आणलं. पंचवीस दिवस नोंद झाली.

सव्विसावा दिवस अमावस्येचा. गेणबांच्या घरात अमावस्येला मेंढराला कातर लागत नाही, अवजाराला हात लागत नाही. कारखान्यात आप्पांनी कैक अमावस्यांना नट पिळले होते, पण ते कंपनीचं काम, पापही कंपनीचं. हे घरचं होतं. त्यांनी गोळा काढून गोणपाटावर ठेवला, लॅपटॉप मिटला.

तानुबाई म्हणाल्या, "अवं, ते नुसतं बघत बसतंय. त्याला कसली अमावस्या? ऱ्हाऊ द्या चालू."

"बापाच्या विहिरीचं काम हाय," आप्पा म्हणाले. "आन् खाण बी आज बंदच असती."

पाचला फळीवरची ताटं खाली आली. आजवर असा बार झाला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीचं पाणी दोन परस, दोन पुरुष उंचीइतकं, खाली गेलं होतं, तिसऱ्या दिवशी तळाचा चिखल दिसला. गेणबांचा झरा खडकात कुठल्या कुठं निघून गेला. खाणीच्या मुकादमानं नंतर सहज सांगितलं, अमावस्येला शेतात माणूस नसतं, म्हणून मोठा बार आता अमावस्येलाच ठेवतात. तानुबाई 'मी म्हटलं होतं' असं एकदाही म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या असत्या तर आप्पांना बरं वाटलं असतं.

धनश्रीनं छापून आणलेले नोंदींचे कागद घेऊन आप्पा कचेरीत गेले. साहेबांनी एकेक कागद नीट पाहिला. माणूस वाईट नव्हता, पाणीही विचारलं.

"आबा, पंचवीस दिवस हादरा मर्यादेतच आहे. अमावस्येचा कागद कुठाय?"

"न्हाई साहेब. तवा बंद ठिवलं हुतं."

साहेब म्हणाले, खाणीच्या मुदतवाढीची फाइल आलेलीच आहे, तिला हे जोडून टाकतो. महिनोन्‌महिने बोल्ट पिळून आप्पांनी खाणवाल्याचा साक्षीदार तयार केला होता. कागद परत मागायचीही त्यांना लाज वाटली.

पुढच्या अमावस्येला त्यांनी सकाळीच गोळा चढवला आणि समोर बसून राहिले. पाचला रेघ पडद्याबाहेर गेली. टँकरवरून हंडा घेऊन आलेल्या तानुबाई मागं येऊन उभ्या राहिल्या.

"उमटलं न्हवं? मग न्या ह्यो कागद साहेबाकडं."

"न्हेतो की," आप्पा म्हणाले. "पर झरा कुणाकडं मागू?"

तानुबाईंनी हंडा उतरवला. पाणी आधी मेंढरांना पाजायचं की चुलीवर ठेवायचं, ते त्यांना ठरवता येईना.