खच्चर पुढे, सासरे मागे

माझे सासरे फौजेत होते, एवढंच कामरगावात सगळ्यांना ठाऊक. खच्चरांच्या पलटणीत होते, हे कोणी विचारलं नाही. लढाईत डोंगरावरच्या चौक्यांना गोळ्या, आटा, रॉकेल पोचवायचं त्यांचं काम. मी शिकवते त्या शाळेत सव्वीस जानेवारीला पाहुणा हवा होता. हेडमास्तर म्हणाले, "मॅडम, तुमच्या घरातच वीर आहे की!"

सासरे इस्त्रीचा कोट घालून आले. हेडमास्तरांनी भाषणात त्यांना शत्रूचा कर्दनकाळ करून टाकलं. सासऱ्यांनी माइक घेतला. "कर्दनकाळ मी नव्हतो. एक खच्चर होतं."

पोरं हसली.

"वरून गोळे पडून राह्यले होते. मी दोर सोडला न् धोंड्यामागं लपलो. खच्चर थांबलंच नाही. पाठीवर गोळ्यांच्या पेट्या घेऊन सीधं वर चाललं गेलं."

"काहून?" पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं विचारलं.

"त्याच्या चण्याचा टाइम झाला होता."

मैदान खदखदलं. हेडमास्तर मला डोळ्यांनी खुणावत होते. मी झेंड्याकडे पाहत राहिले.

"मी दोन घंट्यांनी पोचलो, तं जवान त्याले गूळ चारून राह्यले होते. साहेब मले म्हणे, 'तू इसको लाता है, या ये तुझको?'"

"मेडल भेटलं का?" मागून एका पोरानं विचारलं.

"शाबासकी भेटली. त्याले. मले आठ दिवस ज्यादा ड्यूटी." ते माइकजवळ सरकले. "ते रिटायर झालं तवा भेटायले गेलो. गळ्यात पडून रडलो. त्यानं मान बी वर केली नाही. खाऊनच राह्यलं."

हे ते हसतच सांगत होते, पण चष्मा काढून पुसू लागले. माझ्या लग्नाला बारा वर्षं झाली. घरात हे कधी निघालं नव्हतं.

परतताना स्कूटीवर मागून म्हणाले, "सूनबाई, जास्त तं नाही बोललो?"

"बाबा, धोंड्याचं सांगायची काय गरज होती?"

"लपलो नसतो तं तुले हे सासर भेटलं असतं काय?"

दुसऱ्या दिवशी मी वर्गाला चित्रं काढायला लावली. सगळ्यांनी तेच काढलं: पुढे हार घातलेलं खच्चर, मागे धोंडा, धोंड्यावरून डोकावणाऱ्या फक्त सासऱ्यांच्या मिशा. भीत भीतच घरी नेली. सासऱ्यांनी एकेक चित्र उजेडात धरून पाहिलं.

"बाकी बराबर हाय," ते म्हणाले, "पण खच्चराचे कान लहान काढले." आणि पेन्सिल मागून घेऊन एकेकाचे कान वाढवत बसले.