शुक्राचा शर्ट

तलासरीहून उधव्याकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून एक पाडा आहे. तिथं कोणाच्या घरात काय चाललंय हे जाणून घ्यायला घरोघरी फिरावं लागत नसे. रखमीच्या शिलाई मशीनपाशी घटकाभर बसलं की पुरे. रखमी ब्लाउज शिवायची, पोरींचे फ्रॉक शिवायची, आणि पाय मशीनवर असले की तोंडही चालू ठेवायची. कोणाची सोयरीक मोडली, ग्रामसेवक कोणावर डाफरला, कोणाची सून माहेरी का राहिली, सगळं तिला ठाऊक. दुसऱ्याचं वाईट व्हावं असं तिच्या मनात कधीच नसायचं. फक्त ते झालंच, तर आपल्याला सगळ्यांच्या आधी कळावं, एवढीच बाईची इच्छा.

तेव्हा २०१५ च्या हिवाळ्यात उपकेंद्रातल्या संगिता नर्सने याच रखमीच्या हातात टीबीच्या गोळ्यांचा डबा ठेवला, हे जरा नवलच म्हणायचं.

संगिताचा हिशोब सरळ होता. त्या काळी टीबीच्या माणसाने आठवड्यातून तीनदा दुसऱ्या कोणाच्या तरी समोर गोळ्या गिळायच्या, असा नियम होता. समोरचा माणूस घरातला नको, कारण घरचे माया करतात आणि चुकलेली गोळी चालवून घेतात. दवाखाना लांब. रखमीकडे मात्र दिवसभर माणसांची ये-जा असते, त्यात एकाची भर पडली तर कोण बघणार?

"पण हा कोणाचा डबा?" रखमीने विचारलं. डब्यावर नाव होतं. तिने वाचलं आणि तिचे डोळेच मोठे झाले. "आपला शुक्रा? ताडीवाला?"

"हळू बोला," संगिता म्हणाली. "डॉक्टरांना माहीत आहे, बेडका तपासणाऱ्यांना माहीत आहे, मला आणि आता तुम्हाला. बस."

"आणि लडक्याला?" लडक्या म्हणजे रखमीचा नवरा. बोर्डीकडच्या चिकूच्या वाडीत कामाला जायचा.

"लडक्या शुक्राला गोळ्या देणार आहे का?"

"नाय."

"मग नाही सांगायचं. ज्याला सांगितल्याशिवाय त्याचं औषध चालणार नाही, त्यालाच सांगायचं. दुसऱ्या कोणाला सांगायचं तर आधी शुक्राला विचारायचं. त्याचा आजार आहे, त्याची गोष्ट आहे."

रखमीला ही गंमतच वाटली. आजवर तिच्याकडे आलेली गोष्ट तिची व्हायची. ही मात्र तिच्याकडे राहणार होती आणि तरीही दुसऱ्याची होती. त्या रात्री तिने शाळेच्या गणवेशातून उरलेल्या निळ्या कापडाची खोळ शिवली, डब्यावर चढवली, आणि डबा अस्तरांच्या गाठोड्यात खोल सारून दिला.

शुक्राची भीती खोटी नव्हती. खजुरीची ताडी काढून विकणं हाच त्याचा धंदा. संध्याकाळी माणसं त्याच्या झोपडीपाशी जमायची. त्याच्या छातीत टीबी आहे असं कळलं असतं, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या मडक्याला कोणी हात लावला नसता. हा आजार खोकल्यातून पसरतो, मडक्यातून नाही, आणि गोळ्या सुरू होऊन काही आठवडे गेले की बहुतेकांचा पसरायचाही थांबतो, असं संगिताने त्याला समजावलं होतं. पण पाड्याला कोण समजावणार?

सोमवार, बुधवार, शुक्रवार शुक्रा यायचा, मूठभर गोळ्या गिळायचा, पाणी प्यायचा, जायचा. आणि समोर सुकी मासळी विकायला बसणारी बायजी बघायची. बायजीच्या नजरेतून मांजरही सुटायचं नाही, तिथं शुक्रा कुठला सुटायला?

"गं रखमी," एक दिवस तिने विचारलंच, "हा शुक्रा येवढं कं शिवून घेतो? अंगावर तर तोच शर्ट दिसतो."

पुढच्या खेपेपासून तिने शुक्राला घरात असलेला दुसरा शर्ट हातात घेऊन यायला लावलं. तो आला की ती शर्टाचा खिसा उसवायची आणि पुन्हा लावायची. पुढच्या वेळी कॉलर. मग बाही. महिन्याभरात त्या शर्टात कापड कमी आणि दोरा जास्त झाला. शुक्रा गोळ्या गिळता गिळता हसायचा, "वहिनी, बरा झालो की पहिला हा शर्ट जाळीन."

बायजीचं मात्र समाधान झालं नाही. तिने तिच्या परीने अर्थ लावला, तो चारजणींना सांगितला, आणि फिरत फिरत तो लडक्याच्या कानावर गेला. लडक्या आधी मोठ्याने हसला. मग जेवताना म्हणाला, "शुक्रा कशाला येतो?"

"शिवायला."

"तू खोटं बोलताना तोंडात टाचणी धरतेस," लडक्या म्हणाला आणि ताटावरून उठला.

रखमीने तोंडातली टाचणी काढली. तिला रडू आलं, रागही आला. पाड्यातल्या प्रत्येकाची गोष्ट नवऱ्याला सांगून तिने संसार केला होता आणि आता एक सांगायची नाही, तर तीच नेमकी घरात उभी राहिली होती. पण शब्द दिला होता, आणि शुक्रा तिच्या समोर तोंड उघडून गोळी गिळत होता. असं तोंड उघडणाऱ्या माणसाला कसं फसवायचं?

हेही तिने निभावलं असतं. पण मग लडक्या खोकायला लागला.

आधी सकाळचा, मग रात्रीचा. मशीनवर बसल्या बसल्या रखमीच्या डोक्यात लख्ख उजाडलं. गेल्या वर्षभर लडक्या आणि शुक्रा रोज संध्याकाळी त्या कोंदट झोपडीत मांडीला मांडी लावून बसत होते, एकच बिडी दोघांत ओढत होते. डबा आला तेव्हा संगिताने शुक्राला विचारलं होतं, घरात कोण कोण? शुक्राने बायको सांगितली, आई सांगितली, त्यांची तपासणी झाली. दोस्त कोण, हे ना तिने विचारलं ना त्याने सांगितलं. दोस्त काही घरात राहत नाही.

ती धावतच संगिताकडे गेली. "आता तरी सांगू की नको?"

"शुक्राचं नाव न घेताही तपासता येतं," संगिता म्हणाली. "दोन आठवड्यांवर खोकला असला की आम्ही कोणालाही तपासायला सांगतो. मी येते."

संगिता आली, तिने सांगितलं, आणि लडक्याने तिला वाटेला लावलं. "बिडीचा खोकला हाय. अख्खा पाडा खोकतो. मलाच कशाला सांगाय आल्या? कोणी पाठवलं तुम्हाला?" असं म्हणत तो रखमीकडे बघत होता.

राहिला शुक्रा. पुढच्या खेपेला रखमीने त्याच्या हातात गोळ्या दिल्या आणि म्हणाली, "लडक्या खोकतो. तपासायला जात नाय."

शुक्राने गोळ्या गिळल्या. "वहिनी, त्याला सांगितलं की पाड्याला सांगितलं. माझी ताडी कोण पिणार?"

"मी नाय सांगणार," रखमी म्हणाली. "पण तूच रोज त्याच्या बाजूला बसतोस. त्याचा खोकला तुला ऐकू येत नाय का?"

शुक्रा शर्ट घेऊन निघून गेला.

बुधवारी लडक्या कामाला गेलाच नाही. मशीनशेजारी खाट टाकून बसला. शुक्रा नेहमीच्या वेळी दारात आला, हातात तो शर्ट. रखमीने डबा काढला नाही. गोळी चुकू द्यायची नव्हती आणि डबाही दाखवायचा नव्हता.

"जरा बाहेर जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"माझं घर हाय. शिव की त्याचा शर्ट. मीपण बघतो कं शिवतेस."

मग लडक्याला खोकल्याची उबळ आली. लांबलचक, डोळ्यांतून पाणी काढणारी. शुक्रा दारातच उभा राहून ती ऐकत होता. उबळ थांबली तेव्हा त्याने शर्ट खाटेवर टाकला.

"वहिनी, डबा काढ."

निळी खोळ बाहेर आली. शुक्राने लडक्याच्या देखत एकेक गोळी गिळली आणि मग तोंड पुसून म्हणाला, "टीबी हाय मला. तुझ्या बायकोने कोणाला नाय सांगितलं, तुलापण नाय. आता उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चल. बिडी दोघांनी ओढली, तपासायलापण दोघं जाऊ."

लडक्या शर्ट उचलून उलटसुलट बघत राहिला. एकाच खिशावर शिवणीच्या इतक्या रांगा त्याने कधी पाहिल्या नव्हत्या. "खुळी," तो रखमीला म्हणाला, पण त्यात राग नव्हता.

निकाल आला त्या दिवशी रखमी त्याच्यासोबत गेली. संगिताने फक्त लडक्याला आत बोलावलं. बाहेर बाकावर रखमीचा जीव नुसता टांगणीला लागला. संगिता बाहेर आली तशी ती उठली, "कं निघालं?"

"त्यांनाच विचारा," संगिता म्हणाली.

रखमीला क्षणभर तिचा संतापच आला. मी बायको आहे त्याची! मग आपणच केलेलं आठवून ती खाली बसली. लडक्या आला, शेजारी टेकला आणि त्याने स्वतः सांगितलं. निघाला होता. पण लवकर सापडला होता, गोळ्यांनी बरा होणार होता. डबा रखमीकडे द्यायचा नव्हता, घरच्याकडे देत नाहीत.

"मग कोणाकडे?"

"मी सांगितलं, बायजीकडे द्या."

"बायजी!" रखमी ओरडलीच. "अरे, ती सूर्य मावळायच्या आत उधव्यापर्यंत पोचवेल!"

"तुलापण लोक असंच म्हणत होते," लडक्या म्हणाला.

सोमवार उजाडला. रखमीचा एकही टाका सरळ पडेना. तिने समोर पाहिलं. लडक्या बायजीच्या टोपलीपाशी गेला, मग तिच्यामागून घरात गेला, थोड्या वेळाने बाहेर आला आणि वाडीच्या वाटेला लागला. बायजी पुन्हा मासळीपुढे येऊन बसली. ओठ घट्ट मिटलेले, चेहरा लाल. आलेल्या बाईला तिने भावसुद्धा नीट सांगितला नाही.

रखमीला राहवेना. ती रस्ता ओलांडून गेली. लडक्याने घरी सांगितलंय हे बायजीला माहीत नव्हतं.

"गं बायजी, माझा नवरा तुझ्या घरात कशाला आला होता?"

बायजीने तिच्याकडे पाहिलं, मग खाली बोंबलांकडे पाहिलं. एक बोंबील उचलला, पुन्हा ठेवला.

"कोयता मागायला," ती म्हणाली. "आमच्या कोयत्याला धार बरी हाय."

लडक्या वाडीच्या वाटेवर अजून दिसत होता. त्याचे दोन्ही हात मोकळे होते. रखमीने ते पाहिलं, बायजीनेही पाहिलं. रखमीला हसू आलं आणि डोळेही भरून आले. आयुष्यात इतकं खोटं ऐकून तिला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

"हां," ती म्हणाली, "धार बरीच हाय." आणि पुढचं काहीही न विचारता ती मशीनवर जाऊन बसली.