आधी नको म्हणा

गिऱ्हाईक काचेचं दार ढकलून आत आलं की आमच्या शोरूममधले अण्णा उठायचे, सदऱ्याच्या खिशावर एकदा हात दाबून बघायचे आणि हात जोडून म्हणायचे, "आधी नको म्हणा. मग कापी घेऊ." कापी म्हणजे इथली कॉफी.

गिऱ्हाईक बावचळायचं. आलिशान गाड्या विकणारा माणूस दारातच नकार मागतो, हे कुणी पाहिलेलं नसायचं. पण एकदा 'नको' म्हणून झालं की माणूस सैल पडतो, खुर्चीत नीट बसतो आणि का नको ते खरंखरं सांगतो. त्यांना तेवढंच हवं असायचं.

मी तिथं कागदपत्रांचं काम करते. नोंदणी, विमा, नंबरप्लेट. आमचं घराणं मराठ्यांच्या राज्यात तंजावर मुलखात आलं ते इथलंच झालं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. (हे लिहिताना घरचं मराठी जरा बाजूला ठेवलंय, नाहीतर तुम्हांला पोथी वाचल्यासारखं वाटेल.) पहिले दोन महिने आम्ही दोघं तमिळच बोलत होतो. एक दिवस गाडीच्या दारात त्यांचं बोट चेमटलं आणि तोंडातून 'आई गे' निघालं. इथला माणूस अशा वेळी 'अम्मा' म्हणतो. मी फाईल टाकून पळत गेले आणि मराठीत विचारलं, "फार लागलं का?" ते बोट विसरून माझ्याकडे बघत राहिले. तेव्हापासून मी त्यांना अण्णा म्हणू लागले आणि ते मला पोरी.

आता डिझेलचं सांगते. कुंभकोणमात डिझेलची जागा ठरलेली आहे: पंपसेट, ट्रॅक्टर, लॉरी. एवढी महागाची, लांबलचक, चकचकीत गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात लॉरीचं तेल घालायचं, हे कुणाच्या गळी उतरत नाही. कुणी म्हणे धडधडते, कुणी म्हणे वास येतो, कुणी म्हणे सरकार उद्या बंदच करणार. अण्णा प्रत्येकाला मान डोलवायचे. तिरुनीलक्कुडीच्या एका बड्या शेतकऱ्याला त्यांनी विचारलं, "शेताला पाणी कोण पाजतं?" तो म्हणाला, "डिझेल पंप." "मग भात ज्याच्या भरवशावर सोडता, त्याच्या भरवशावर बायकोला बसवायला काय हरकत आहे?" शेतकरी पोट धरून हसला, कॉफी प्यायला आणि गाडी न घेता गेला.

ह्या गाड्या पळतात किती, हे सांगायचा त्यांना कंटाळा. "वेग नव्हे पोरी, ओढ. बैल पळतो म्हणून कोणी घेत नाहीं, ओढतो म्हणून घेतात."

सगळं छान होतं, फक्त गाड्या खपत नव्हत्या. मग त्रिचीच्या मुख्य कचेरीतून निरोप आला: पंगुनी, म्हणजे तमिळ वर्षाचा शेवटचा महिना, संपायच्या आत एक तरी डिझेल गाडी विका, नाहीतर कुंभकोणमची शाखा बंद, यायचं त्यांनी त्रिचीला यावं. अठ्ठावन्नाव्या वर्षी अण्णांना त्रिचीत कोण ठेवून घेणार होतं? आणि मला तर जाताच येत नव्हतं. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, डायलिसिस आठवड्यातून तीनदा, शोरूमच्या मागच्याच गल्लीत. मी जेवणाच्या सुट्टीत जाऊन त्यांना बघून येत असे. ही नोकरी गेली की ते कसं निभवायचं?

अशात तिरुभुवनमचे एक रेशमाचे व्यापारी आले. त्यांना गाडी आवडली. दोनदा चालवून पाहिली, रंगसुद्धा ठरवला. अडचण एकच, आई. लग्न होऊन सासरी येताना ती बसमध्ये इंजिनापाशी बसली आणि वाटभर ओकली. तेव्हापासून डिझेलचं नाव काढलं तरी तिचा जीव घाबरा होतो. मरुदानल्लूरला भजनाला जायची तिची हौस, पण जुनी पेट्रोल गाडी मोडीत निघाल्यापासून ती घरीच होती. "आईला डिझेल आहे म्हणून सांगू नका," व्यापारी म्हणाले. "पेट्रोल म्हणा. बाकी मी बघतो."

मला हायसं वाटलं. पण व्यापारी गेल्यावर अण्णांनी नकारार्थी मान हलवली. मी म्हटलं, "अण्णा, मुलगाच सांगतोय. आपलं काय जातं?"

"नाक तिचें आहे, पोरी. नाकाशीं खोटें बोलतां येत नाहीं."

दुसऱ्या दिवशी गाडी घेऊन आम्ही तिरुभुवनमला गेलो. म्हातारी बाई झोपाळ्यावर बसली होती. अण्णांनी नमस्कार केला आणि खणखणीत तमिळमध्ये सांगितलं, "अम्मा, गाडी डिझेलची आहे. आधी नको म्हणा."

व्यापाऱ्यांनी कपाळाला हात लावला. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला अण्णांचा भयंकर राग आला. डोळ्यांसमोर अप्पांची डायलिसिसची खुर्ची दिसत होती, आणि हा माणूस स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेत होता.

"नको," बाई म्हणाल्या.

"अजून एकदा म्हणा."

"नको! मेले तरी नको!"

"झालं. मग कापी?"

"माझ्या घरात कापी मी देते, तंबी. तू बस." धाकट्या भावाला म्हणतात तसं त्या त्यांना तंबी म्हणाल्या, आणि मी जरा श्वास सोडला.

कॉफी पिताना अण्णा विचारू लागले. आधी डोकं जड होतं की पोट ढवळतं? वासाने की हादऱ्याने? खिडकी कुठल्या बाजूची बरी वाटते? पन्नास वर्षांत बाईंना हे कुणी विचारलेलं नव्हतं. त्या बोलतच सुटल्या. शेवटी म्हणाल्या, "मरुदानल्लूरपर्यंत येते. ओकले तर सीट तू धुवायची."

"मी धुईन, अम्मा."

मुलगा पुढे बसला. मागे बाई, मुठीत लिंबू धरून, आणि शेजारी मी, हातात प्लॅस्टिकची पिशवी घेऊन. दहा मिनिटांत बाईंचा चेहरा पांढरा पडला. लिंबू नाकाशी गेलं. मी पिशवी उघडली. अण्णांनी आरशात पाहिलं, गाडी बाजूला घेतली आणि आरशाजवळचा मोगऱ्याचा गजरा काढला; शकुनाचा म्हणून तो मीच टांगला होता. बंद काचांत त्याचा वास कोंडला होता. रस्त्याकडेच्या पिळ्ळैयाराच्या, म्हणजे गणपतीच्या, गळ्यात तो घालून ते परत आले आणि चारही काचा खाली केल्या. मला एका शब्दाने बोलले नाहीत. मीच मेल्याहून मेल्यासारखी झाले.

वारा लागला. बाईंच्या चेहऱ्यावर रंग आला. पुढे उसाने भरलेली एक लॉरी डुलत चालली होती. "अम्मा, हिला जरा मागं टाकतो," अण्णा म्हणाले, आणि गाडीने अशी काही ओढ घेतली की मी सीटच्या पाठीला चिकटले. बाईंच्या हातातलं लिंबू सुटून सीटखाली गडगडत गेलं.

"काय झालं?" बाईंनी विचारलं.

"काही नाही. लॉरी मागं राहिली."

बाईंनी मागे वळून लॉरी पाहिली. मग मान पुढे काढून म्हणाल्या, "पुढे अजून एक आहे."

त्या दिवशी आम्ही चार लॉऱ्या, दोन बस आणि एक वरातीचा टेम्पो मागे टाकला. बाईंनी पोटभर भजन ऐकलं आणि परतताना मुलाला उठवून स्वतः पुढच्या सीटवर बसल्या. लिंबाची आठवण कुणालाच झाली नाही. घरी उतरताना म्हणाल्या, "घे रे ही. लॉरीचं तेल असलं म्हणून काय झालं?"

शोरूममध्ये येऊन अण्णांनी त्रिचीला फोन लावला. मी मागच्या गल्लीत गेले, अप्पांच्या खुर्चीपाशी बसले आणि हुंदके देऊन रडले. नर्स घाबरली. अप्पांनी विचारलं, "काय जाहलें?" मी म्हटलं, "कांहीं नाहीं अप्पा, असकें बरें जाहलें." असकें म्हणजे सगळं. अंगावरचं ओझं उतरलं की माणूस असंच रडतं.

गाडी ताब्यात देताना पूजा झाली. चाकांखाली ठेवायला चार लिंबं हवीत, आणि आणली होती तीनच. कुणी बाजाराकडे धावणार, तोच अण्णांनी सदऱ्याच्या खिशातून एक लिंबू काढून चौथ्या चाकाखाली ठेवलं. काय हा माणूस, किती पुढचं बघतो, असं मला कौतुक वाटलं.

शाखा अजून उभी आहे. अण्णा गेल्या वर्षी निवृत्त होऊन कोईमतूरला मुलीकडे गेले. निरोपाच्या दिवशी आम्ही त्यांना हार घातला आणि सगळ्यांत मोठ्या गाडीत, ड्रायव्हर देऊन, मागच्या सीटवर थाटात बसवलं. मी शेजारी बसले. दुसऱ्याच वळणावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. कपाळावर घाम होता. त्यांनी खिशातून लिंबू काढून नाकाला लावलं.

"मागें बसलों कीं मज ओकारी येते, पोरी. लहानपणापासून."

इतकी वर्षं खिशावर दाबलेला तो हात! "अण्णा, मला कधी सांगितलं नाहीत?"

"तूं विचारलें कोठें?" ते हसून म्हणाले.

खरंच, मी कधीच विचारलं नव्हतं. मी खाली उतरून त्यांना पुढचं दार उघडून दिलं. त्यांनी गळ्यातला हार काढून ड्रायव्हरच्या गळ्यात घातला, त्याला मागे बसवलं आणि स्वतः चाक हातात घेतलं. चारही काचा खाली करून त्यांनी मला हात केला. गाडी वळेपर्यंत मी रस्त्यात उभी होते. मागच्या सीटवर हार सावरत आमचा ड्रायव्हर बसला होता, आणि अण्णा स्वतःच स्वतःला घरी पोचवत निघाले होते.