दुधी भोपळ्याची आंघोळ

"मावशी, आत यायचं नाही!" सोसायटीचा सेक्रेटरी खिडकीतून ओरडला आणि वॉचमनने माझ्या तोंडावर गेट लावून घेतलं. माझ्या पिशवीत तेलाची बाटली आणि डाळीचं पीठ, वर चौथ्या मजल्यावर आठ दिवसांचं बाळ. करोनाच्या लॉकडाऊनचा दुसरा दिवस होता. भांडुपहून मुलुंडपर्यंत चालत आले होते, तशीच चालत परत गेले.

मी बाळ-बाळंतिणींना तेल लावून न्हाऊ घालते. माझी शाळा चौथीत सुटली, हे काम सासूने शिकवलं. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून घर यावरच चाललं. लोक पोरं जन्माला घालायचं थांबत नाहीत, म्हणून हा धंदा कधी बसणार नाही असं मला वाटायचं. तोच सगळ्यात आधी बसला. ऑफिसवाले घरून काम करायला लागले. मी घरी बसून कोणाला तेल लावू?

दोन दिवसांनी त्या बाळाच्या बापाचा व्हिडिओ कॉल आला. आजी रत्नागिरीला अडकलेली, बाळंतिणीला उठवत नाही, बाळ रडतंय. "मावशी, तुम्ही सांगा, मी करतो."

नुसतं सांगून काय कळणार? घरात बाळाच्या मापाचा एक दुधी होता. फोन नवऱ्याच्या हातात दिला, जमिनीवर पाय पसरून बसले आणि दुधी पायांवर पालथा घातला.

"तूही बस. पाय सरळ कर."

"मावशी, होत नाहीत."

"खुर्चीत बसून लाकडं झालीत. भिंतीला टेक. आता पाण्यात कोपर घाल. चटका बसतोय?"

"थोडासा."

"मग पोराची कातडी निघेल. गार पाणी ओत."

मी दुधी पुसायला घेतला तसा नवरा म्हणाला, "गो, दुध्याक पावडर पण लाव!"

पलीकडे बाळंतीण हसली आणि लगेच कळवळली. "काका, हसवू नका, टाके दुखतात!"

असं रोज चाललं. दुधी मऊ पडला की भाजी, मग नवा दुधी. बाप फोनवरून पैसे पाठवायचा. त्याने ऑफिसात सांगितलं, तर आणखी दोन बाप शिकायला आले.

नवरा म्हणाला, "सगळ्यांना शिकवतेस. उद्या तुला बोलावणार कोण?"

"आज जेवायचं काय, ते बोला."

त्याचं म्हणणं खरं निघालं. गेट उघडलं तेव्हा बाळ रांगत होतं. "मावशी, त्याला आता माझ्याच हाताची सवय झालीय," बाप म्हणाला. मी त्याचा हात बघितला. चांगला बसला होता. चहा प्याले आणि निघाले. बाकीच्या घरांत कुणी शिकलेलं, कुणी अजून घाबरलेलं. सकाळची चार घरं होती त्यांतलं एक राहिलं. दुपारी पोळ्या लाटायला जाऊ लागले.

परवा, तीन वर्षांनी, त्याच पहिल्या बापाचा फोन आला. दुसरं बाळ झालंय. "बाळाचं मी बघतो मावशी, हिच्यासाठी तुम्ही या. माझ्या हाताला ती नावं ठेवते."

अर्धं तर अर्धं, गेले. पाठीला तेल लावताना बाळंतिणीने विचारलं, "काका कसे आहेत? अजून हसवतात का?"

"दुसऱ्या लाटेत गेले," म्हटलं. "दोघांनाही झाला होता. मी वाचले."